हरणीचं डोहाळजेवण

हरणीला सातवा महिना लागला आणि घरातल्या सगळ्यांना एकदम आठवलं, की पोटुशीला सातव्यात जपायचं असतं.

वृषालीला ही आठवण नवीन होती. थोरल्या श्रेयाच्या वेळी सातव्यात ती टोमॅटोचे कॅरेट भरत होती. समृद्धीच्या वेळी डोहाळजेवणाचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या खेपेला कोन करतं गं?" हरणीची तर ही तिसरी खेप. पण हरणी गाय होती, आणि तिच्या पोटात कालवड आहे असं शास्त्रानं सांगितलं होतं. सुनेला मुलगी होणं आणि गाईला मुलगी होणं यात पिंपळवंडीत फार मोठा फरक धरतात. एकीच्या बातमीनं घर गप्प होतं, दुसरीच्या बातमीनं घर मांडव घालतं.

वृषालीचा नवरा संपत हा गावातला प्रगतशील शेतकरी. शेती वृषाली करायची, प्रगती संपत करायचा. कुठलंही शिबिर असो, पहिल्या रांगेत संपत. त्यामुळं पुण्याकडच्या एका संशोधन केंद्राची माणसं धुरकट टाकीत गोठवलेला गर्भ घेऊन तालुक्यात आली तेव्हा संपतनं त्यांना दुसऱ्या कुणाच्या गोठ्याकडं जाऊच दिलं नाही. कुठल्याशा जातिवंत गीर गाईचा तो गर्भ, काडीएवढ्या कांडीत मावणारा. तो हरणीच्या कुशीत ठेवला आणि हरणीनं तो धरला.

हरणी कागदावर संपतची होती. कौतुकापुरती सासूबाईंची, म्हणजे प्रयागबाईंची होती. पहाटे कासेला हात मात्र वृषालीचा. तिचं दूध आटलं तर वृषालीला कळायचं, तिला ऊन लागलं तर वृषालीला कळायचं, आणि दिवसभराचं बोलणं ऐकून घ्यायला त्या घरात हरणीशिवाय दुसरं कुणी रिकामं नव्हतं. पोरींची शाळाही त्याच कासेवर चालली होती.

डोहाळजेवणाचं निघालं ते एका अपमानातून. केंद्राच्या डॉक्टर प्रांजल मॅडम तपासणीला आल्या होत्या. वयानं तरुण, बोलायला सरळ. प्रयागबाईंना समजावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं, "आजी, बीज दुसऱ्या गाईचं आहे. हरणीची फक्त कूस. आपण तिची कूस भाड्यानं घेतली म्हणा ना."

प्रयागबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "भाड्यानं? माज्या हरनीची कूस म्हंजे काय जुन्नरच्या ष्टँडावरला गाळा हाय व्हय?"

"तसं नाही आजी…"

"नऊ म्हैनं वज्जं ही वाहनार, कळा ही देनार, आन् आई कोन, तर ती लांबची गीर? आमच्यात जिची कूस तिचं लेकरू. आता तर मी चारचौघीत तिची ओटीच भरती. बगू कोन म्हनतं भाड्याची!"

इथवर गोष्ट पाच बायका, एक नारळ आणि मूठभर गव्हाची होती. पण ती संपतच्या कानावर गेली. संपतला प्रत्येक गोष्टीत कार्यक्रम दिसायचा. चौथ्या दिवशी वेशीवर बॅनर लागला. मधोमध हरणी, तिच्या डोक्यावर सोनेरी मुकुट चिकटवलेला, खाली 'आमची लाडकी हरणी हिच्या डोहाळजेवणास सर्वांनी अगत्य येण्याचे करावे', आणि भोवती काळे चष्मे लावलेले शुभेच्छुक. शुभेच्छुकांत हौशीरामचा फोटो हरणीपेक्षा मोठा होता. हौशीराम हा येत्या निवडणुकीत उभा राहणार होता. तो गेल्याही निवडणुकीत उभा राहिला होता आणि बऱ्यापैकी उभाच राहिला होता. कार्यक्रमाचं चित्रण करायला ऋषीला सांगितलं. ऋषीचा मोबाईलवर 'शिवार लाईव्ह' नावाचा चॅनेल होता, आणि काहीही घडलं तरी तो त्याला 'तालुक्यात प्रथमच' म्हणायचा.

प्रांजल मॅडमना संपतनं फोन केला तेव्हा वृषाली शेजारीच भाकरी थापत होती. मॅडमचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"ओवाळा, फोटो काढा, काय हवं ते करा. पण तिला खायला वेगळं काही देऊ नका. गाईच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, तेच तिचा चारा पचवतात. त्यांना एकदम गोडधोड, धान्य मिळालं की सगळं आंबतं. गाय दगावूसुद्धा शकते. आणि बाहेरचे लोक गोठ्यात घेताना रोगराईची काळजी घ्या."

"हो मॅडम, हो मॅडम," संपत म्हणाला, आणि फोन ठेवून घरात जाहीर केलं, "मॅडमनी परवानगी दिली."

"खायला काही देऊ नका म्हणाल्या त्या," वृषाली म्हणाली.

"अगं, डोहाळजेवनात जेवनच न्हाई तर मग उरतं काय? डोहाळं?"

प्रयागबाईंनीही निकाल दिला. "त्या दिवशी घास नाकारायचा नसतो. पोटुशीचा डोहाळा राह्यला तर लेकराचा कान फुटतो."

"आत्याबाई, वासराच्या कानात बिल्ला मारायला सरकार तसंही भोक पाडणारच आहे."

"सरकारनं पाडल्यालं येगळं, डोहाळ्यानं फुटल्यालं येगळं."

यापुढं कुठल्याच शास्त्राचं काही चाललं नसतं.

रोगराईची काळजी मात्र संपतनं मन लावून घेतली. मांडवाच्या तोंडाशी चुन्याची फक्की मारली आणि औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, पाय बुडवून आत येण्यासाठी. मग रोग नक्की कुठून येऊ शकतो याचा त्यानं विचार केला, आणि तो शेजारच्या तुकाबाईकडून येऊ शकतो असं ठरवलं. तुकाबाईचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आता चार मेंढ्या आणि एक काळी गावठी गाय एवढंच उरलेलं. ती गाय दिवसभर ओढ्याकाठी, बांधावर, मिळेल ते ओरबाडत हिंडायची. "तसल्या जनावराजवळनं आल्याली मानसं नकोत," संपत म्हणाला. सगळ्या आळीला बोलावणं गेलं, एक दार सोडून. वृषालीनं स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं होतं. पण पुरण वाटता वाटता तिचं जायचं राहून गेलं. की जायची हिंमत राहिली नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हरणीला न्हाऊ घालून पाठीवर हिरवी साडी टाकली, शिंगांना फुलांच्या मुंडावळ्या, गळ्यात मोगरा. मोगऱ्याचा गळ्यातला हार तिनं पहिल्या पाच मिनिटांत खाल्ला. मागं थर्माकोलचा चंद्र उभा केला होता. हौशीराम घमेल्याला वळसा घालून आत आला, कारण त्याचे बूट नवीन होते आणि मोठ्या माणसांच्या बुटाला रोग चिकटत नाहीत.

मग प्रयागबाईंनी ओटी भरली, आणि वरच्या पट्टीत गाणं उचललं. बाई बोलायला तिखट, पण गळा असा की ऐकणाऱ्याचं काम थांबावं.

पयल्या मासी गं, हरनीला चारा जाईना
गव्हानीची वैरन तिच्या मनाला येईना
दुसऱ्या मासी गं, हरनी वाऱ्याला तोंड करी
कुकडीकाठचं कुरान तिच्या डोळ्यांत फिरी

हरणीनं कान टवकारले. त्या ओल्या काळ्याभोर डोळ्यांत खरंच कुरण फिरत असावं असं वाटलं. वृषाली आरतीचं ताट तसंच धरून ऐकत राहिली. सासूबाईंना हे गाणं येतं, हे तिला दोन बाळंतपणं होऊनही माहीत नव्हतं.

"तालुक्यात प्रथमच!" ऋषी मोबाईलमध्ये ओरडला, आणि गाणं तिथंच तुटलं.

"आता एकेकीनं नाव घ्यायचं आन् घास भरवायचा," प्रयागबाईंनी फर्मावलं.

एकच घास, असं ठरलं होतं. पण कॅमेऱ्यासमोर एक घास फार पटकन संपतो. हौशीरामची बायको पुढं झाली. हातात पोळ्यांची चळत.

"पुरणाच्या पोळीवर साजूक तुपाची धार,
हौशीरामरावांचं नाव घेते, पोळ्या भरवल्या चार!"

टाळ्या पडल्या. सोपानची बायको मागं कशी राहील? तिच्या पदराआड गुळाची ढेप होती.

"कुकडीच्या पाण्यावर उसाचं रान,
सोपानरावांच्या नावानं अर्धी ढेप चारून राखते हरणीचा मान!"

"अर्धी?" वृषाली पुढं सरकली. "काकू, एक खडा पुरे की."

"गप गं. उखाण्यात अर्धी बसली, आता खडा कसा देऊ?"

बायका एवढं चारतात म्हटल्यावर हौशीरामला निवडणूक आठवली. त्यानं माईक घेतला, बाह्या सारल्या, शिऱ्याची परात उचलली.

"मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोणी,
परातभर शिरा चारला, माझ्यासारखा कोणी?"

"अवो, माजं नाव ऱ्हायलं की त्यात!" त्याची बायको म्हणाली.

"तुझं पुढच्या खेपेला."

वृषालीनं दोनदा हरणीचं तोंड वळवलं, एकदा दावं ओढलं. दर वेळी कुणीतरी म्हणालं, "आईपरीस दाईलाच जास्त!" आणि हरणीचं म्हणाल, तर तिनं जन्मभर कडबा, लसूणघास आणि पेंड खाल्लेली. तिला नको म्हणायचं कुणी शिकवलंच नव्हतं. या घरातल्या बायकांना ते शिकवायची पद्धत नव्हती. पंगत उठली, उरलेलं पुरण आणि भात लोकांनी जाता जाता आपापल्या गोठ्यात नेऊन गाईंना घातला. प्रसाद म्हणून.

दिवस कलायला लागला तेव्हा वृषाली गोठ्यात गेली आणि दारातच थबकली. काहीतरी चुकत होतं. काय ते कळायला तिला क्षणभर लागला. रवंथ थांबला होता. त्या गोठ्यात संध्याकाळी जात्यासारखा एक संथ आवाज असायचा, तो नव्हता. हरणी मान टाकून बसली होती. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, नाकपुडी कोरडी, आणि डोळ्यांतलं कुरण पार विझलेलं.

"अहो!" ती किंचाळली. "हरणीकडं बघा!"

संपत आला. मांडवात विडा चघळत रेंगाळलेली मंडळीही आली. संपतनं हरणीकडं पाहिलं, मग शेजारच्या घराकडं पाहिलं. "नजर लागली. बोलावलं न्हाई म्हनून त्या तुकाबाईनं बांधावरनं बघितलं आसंल."

"नजरेनं पोट फुगत नाही. अर्ध्या ढेपेनं फुगतं," वृषाली म्हणाली, आणि प्रांजल मॅडमना फोन लावला. मॅडम नशिबानं घोडेगावच्या बाजूलाच एका गोठ्यावर होत्या. त्या आल्या, हरणीच्या कुशीवर मूठ दाबली, कानाला नळी लावून ऐकलं आणि उभ्या राहिल्या.

"काय काय खाल्लंय हिनं?"

दुपारी ज्यांचा आवाज तीन वाड्यांत ऐकू जात होता, त्यांना अचानक घसा बसल्यासारखं झालं.

"तसं कायच न्हाई," संपत म्हणाला. "रोजचंच."

"हे बघा, पोटात आम्ल तयार झालंय. किती आणि काय गेलंय, त्यावर मी सोडा किती द्यायचा, सलाईन किती लावायचं, की पोट उघडून सगळं बाहेर काढायचं ते ठरवणार. खरं सांगा. गायही जाईल, पोटातलंही जाईल."

"आमी आपला नैवेद्याचा कन दिला," हौशीरामची बायको म्हणाली.

"म्या तर नुसतं गुळाचं बोट लावलं," सोपानची बायको.

"मी फोटोपुरती परात धरली होती," हौशीराम. "ऋषीला विचारा."

ऋषी म्हणाला, "भाऊ, ते मी काढून टाकलं. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, की टाक म्हणून."

वृषालीनं हरणीच्या गळ्याखाली हात घातला होता. त्या हाताला हरणीचं कण्हणं जाणवत होतं. तिनं वर पाहिलं, आणि दुपारच्याच चालीत, मोठ्यानं म्हणायला लागली.

"पुरणाच्या पोळीवर साजूक तुपाची धार, हौशीरामरावांचं नाव घेते, पोळ्या भरवल्या चार. लिहा मॅडम. चार पोळ्या. आणि 'अजून एकदा, नीट आलं नाही' म्हणून ऋषीनं तीनदा घ्यायला लावलं. म्हणजे बारा."

हौशीरामची बायको पदर चाचपायला लागली.

"कुकडीच्या पाण्यावर उसाचं रान. अर्धी ढेप गूळ. मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोणी. परातभर शिरा." एकेक उखाणा घरंगळत आला आणि एकेक मान खाली गेली. वृषालीला सगळे पाठ होते. दुपारी बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ऐकत ती एकटीच होती.

मॅडमनी मनाशी हिशेब केला आणि कपाळाला आठी घातली. "हेही वाईटच आहे. पण एवढ्यानं इतक्या लवकर अशी अवस्था व्हायची नाही. ह्याच्या आधी काहीतरी मोठं गेलंय. धान्य. भरडा वगैरे."

वृषालीनं संपतकडं पाहिलं. संपत थर्माकोलच्या चंद्राकडं बघत होता. प्रयागबाईंनीही पोराकडं पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावरचं खोटं आईला बॅनरइतकं ठळक वाचता येतं.

"संप्या," त्या म्हणाल्या. "तू बी नाव घे."

"आये, आता काय हे…"

"समद्यांची झाली, तुजं ऱ्हायलंय. लगनात बी घेतलं नव्हतंस. घे म्हनते ना!"

संपत घुटमळला. त्यानं डाव्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. आणि मग जन्मात पहिल्यांदा, मान खाली घालून, बायकोचं नाव घेतलं.

"टोमॅटोच्या वावरात ठिबकची नळी…
वृषालीचं नाव घेतो… मक्याच्या भरड्याची पाटी मीच ओतली सगळी."

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि लगेच हात मागं लपवले.

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"काल सांजच्याला. थोडी सकाळी." संपतचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "कॅमेऱ्यात पोट भरल्यालं दिसावं म्हनून."

"दिसतंय," वृषाली म्हणाली.

मॅडमनी बाह्या वर केल्या. घशातून नळी घातली, पोटातलं आंबट पाणी बादलीत उतरवलं. वासानं हौशीरामचे नवीन बूट आपसूक मागं सरले. खायच्या सोड्याचं पाणी पाजलं, शिरेतून सलाईन लावलं. मग हात धूत त्या म्हणाल्या, "आता हिच्या पोटातले चांगले जिवाणू मेलेत. ते परत पेरावे लागतील. दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातलं पाणी काढून हिला पाजायचं. आळीत कुणाची गाय आहे?"

हात भराभर वर झाले. दुपारचं विसरायला सगळ्यांना काहीतरी हवंच होतं.

"तुमच्या गाईंनी आज काय खाल्लंय?"

हात तसेच भराभर खाली आले. प्रसाद सगळ्या गोठ्यांत पोचला होता. आळीत एकच दावण अशी होती जिथं पुरणाचा कण गेला नव्हता.

संपतनं नाइलाजानं तुकाबाईच्या घराकडं बघितलं. "मॅडम, ती गावठी हाय. काय बी खाती."

"काय खाते?"

"गवत. झाडपाला. बांधावरचं."

"उत्तम. मग तीच आणा."

आणायला कोण जाणार म्हटल्यावर जो तो आपापल्या चपला शोधायला लागला. वृषाली उठली, साडीला लागलेलं शेण तसंच ठेवून निघाली. तुकाबाई दारात बसून मेंढीच्या पायातला काटा काढत होती. वृषाली समोर उभी राहिली.

"मावशी, तुमची काळी… हरणी मरायला टेकलीय."

"ऐकू आलं समदं. मदी नुसती कुडाची भिंत हाय, कान न्हाईत का मला?" तुकाबाईनं काटा काढून फेकला. "बोलावनं न्हाई आलं माजं."

"माझं चुकलं, मावशी. मी यायला हवं होतं. आले नाही."

तुकाबाईनं तिच्याकडं बघितलं. मेंढीला सोडलं, खुंट्याची काळी सोडली आणि चालायला लागली. मांडवाच्या तोंडाशी ती थांबली. आधी आपले पाय घमेल्यात बुडवले, मग काळीचे चारही एकेक करून बुडवले, आणि संपतकडं बघून विचारलं, "आजून कुटं बुडवू? का डोकं बी बुडवू?"

"या तुकाबाई, या, बसा," संपत गडबडीनं म्हणाला.

"बसतेच." आणि ती हौशीरामसाठी आणलेल्या मखमली खुर्चीत जाऊन बसली. हौशीराम उभा राहिला. उभं राहण्याचा त्याला सराव होताच.

काळीच्या घशातून नळी गेली आणि बादलीत हिरवंगार, कोमट, ओढ्याकाठच्या वासाचं पाणी उतरलं. प्रयागबाईंनी नाकाला पदर लावला. "दुसरीच्या पोटातलं उष्टं? माज्या हरनीला?"

"प्रयागे," खुर्चीतून आवाज आला, "दुसरीच्या पोटचं लेकरू तिच्या पोटात घालून बसलीस, तवा उष्टं न्हाई वाटलं. आता पान्याचं वाटतंय व्हय?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते फडक्यात पाणी गाळता गाळता जिरवलं. गाळलेलं पाणी हरणीच्या पोटात गेलं. मंडळी एकेक करून पांगली. जाताना प्रत्येकानं 'काळजी नका करू' म्हटलं, म्हणजे आपली काळजी मिटली असं सांगितलं.

प्रयागबाई गव्हाणीशी बसून राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "मी लाडच करत व्हते गं." लाड आणि छळ यांच्यातली कुडाची भिंत या घरात फार पातळ होती, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. वृषालीनं सासूबाईंच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा हरणीनं मान उचलली. गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि जबडा आडवा हलला. एकदा. मग पुन्हा. जातं सुरू झालं. वृषालीनं हरणीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि कुणी बघत नाही अशा समजुतीनं मनसोक्त रडून घेतलं. प्रयागबाई बघत होत्या. त्यांनीही कुणी बघत नाही अशा समजुतीनं डोळे पुसले.

पुढचे दोन महिने हरणीला वृषालीच्या हातचाच चारा. संपत गोठ्यात आला की त्याचे हात आधी बघितले जात. गावात तो आता रोगप्रतिबंधावर बोलत नसे, पण पोटातल्या जिवाणूंवर बोलत असे.

हरणीला कळा लागल्या त्या दिवशी भर सकाळी सगळी आळी जमली. सगळा आधीचा अनुभव असूनही ऋषी आला. हौशीराम आला. मॅडम आल्या. कालवडीचं नाव ठरलं होतं, गळ्यात बांधायला घुंगरू आणलं होतं, संपतनं नवा बॅनरही सांगून ठेवला होता. तासाभरानं हरणी सुटली. तांबूस, लांब कानांचं, ओलंचिंब वासरू पेंढ्यावर पडलं आणि हरणी त्याला चाटायला लागली. कुणाच्या बिजाचं, कुणाच्या कुशीचं, तिनं काही विचारलं नाही.

मॅडमनी वासराची मागची तंगडी उचलून पाहिली. "छान आहे. ठणठणीत. गोऱ्हा आहे."

"कालवड," संपतनं दुरुस्त केलं.

"गोऱ्हा."

"मॅडम, केंद्रानं तर कालवड सांगितली व्हती!"

"शंभरात नव्वद वेळा कालवड, असं सांगितलं होतं. उरलेले दहा कुणाच्या तरी गोठ्यात जन्मणारच ना?"

ऋषीनं मोबाईल खाली घेतला. हौशीरामला दुसरीकडं जायचं असल्याचं आठवलं. सोपानची बायको 'च्च्' म्हणाली. संपत भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं फोन बंद केला. प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "आसू दे. जे झालं ते देवाचं."

वृषालीनं हात धुतले, पदर खोचला. "श्रेया, समृद्धी, जा गं. पेढे घेऊन या. चांगले मोठे."

पेढे आले. तिनं आधी एक हरणीच्या पायाशी ठेवला, मग पुडा हातात घेऊन एकेकापुढं धरला, अगदी हसतमुखानं. "घ्या काकू, मुलगा झाला. घ्या हौशीरामभाऊ, थांबा की, मुलगा झाला. आत्याबाई, तोंड गोड करा, मुलगा झाला." घेणाऱ्यांना 'अभिनंदन' म्हणावं की 'वाईट झालं' म्हणावं ते कळेना, त्यामुळं सगळे पेढा तोंडात धरून गप्प उभे राहिले.

तुकाबाई या वेळी बोलावणं येऊन आली होती. तिनं पेढा मोडला, अर्धा खाल्ला, संपतकडं बघितलं, प्रयागबाईंकडं बघितलं, आणि समाधानानं मान हलवली.

"एवढं वय झालं माजं," ती म्हणाली, "पर मुलगा झाला म्हनून घरानं तोंड पाडल्यालं आज पयल्यांदा बगितलं. आन गं पोरी, आजून एक पेढा दे."